बिनक्लचची गाडी

"काढून टाक रे तो डबा! किती दिवस त्याच्या पोटात घुसून बसणार आहेस?" राजारामशेट वरून ओरडले.

गाडीखाली उताणा पडलेल्या भिवा येलव्याच्या दातांत बोल्ट होता आणि कपाळावर तेल ठिबकत होतं. गाडीभोवती पाच-सहा जण उभे होते. खालून त्याला फक्त त्यांचे पाय दिसत होते, आणि प्रत्येक पायाला काही ना काही मत होतं. काळ्या बुटांचा टॅक्सीवाला म्हणत होता की स्प्रिंग गेली असणार. कोल्हापुरी चपलांना कार्बोरेटरचा संशय होता. एक अनवाणी पाय तर, ही गाडी शनिवारी घेतली होती का, असं विचारत होता.

भिवाने बोल्ट हातात घेतला. "शेट, जरा माणसं हटवा ना. उजेड अडतोय."

"उजेड पडून तरी तुला काय दिसणारे? तिसऱ्यांदा आली गाडी."

ते खरं होतं. लालबागच्या त्या गॅरेजात ही गाडी महिन्याभरात तिसऱ्यांदा आली होती. सत्तेचाळीस सालची लांबरुंद अमेरिकन गाडी, रंग एकेकाळी हिरवा असावा. तिला क्लचचं पेडलच नव्हतं. दांडा एकदा पुढे चालण्याच्या खुणेवर ठेवला की पहिला, दुसरा, तिसरा, चौथा गिअर ती स्वतःच टाकायची. अख्ख्या लालबाग-परळात तिला 'बिनक्लचची गाडी' म्हणत, आणि बहुतेक मिस्त्री तिला हात लावायला नकार देत.

तिची तक्रारही तिच्यासारखीच तऱ्हेवाईक. सकाळी निघताना लोण्यासारखी चाले. चारेक मैल झाले की पहिल्या गिअरातच अडकून बसे. इंजिन कोकलायचं आणि गाडी बैलगाडीसारखी सरकायची. तशी कोकलत ती गॅरेजात यायची, तासाभरात थंड व्हायची, आणि भिवा चालवून बघायला गेला की पुन्हा लोणी. खोटं बोलणारं माणूस परवडलं, असं त्याला वाटायचं. निदान त्याच्या तोंडावर कळतं.

"मी सांगतो ते कर," शेट म्हणाले. "हा आपोआप गिअर टाकणारा डबा काढायचा, साधा गिअरबॉक्स घालायचा, क्लचचं पेडल द्यायचं. आठ दिवसांचं काम."

"आणि क्लच दाबणार कोण?" भिवा खालूनच म्हणाला. "बाईंचा डावा पाय बघितलाय का तुमी?"

शेट उत्तर देणार तेवढ्यात काठीचा आवाज आला. भिवाला आता एक नवीन जोडी दिसली. उजव्या पायात साधी चामडी चप्पल, आणि डाव्या पायात जाड तळव्याचा बूट, त्याला गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्या.

डॉक्टर कालिंदी तळपदे फणसवाडीत राहत. वय पन्नाशीच्या आतबाहेर. लहानपणी तापात डावा पाय गेला तो गेलाच. तरी त्या डॉक्टर झाल्या, आणि मायदेशी निघालेल्या एका परदेशी साहेबाकडून ही गाडी घेऊन गेली सात वर्षं गिरगावपासून नायगावपर्यंतच्या चाळींत बाळंतपणं करत फिरत होत्या. ड्रायव्हर ठेवा, असं त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. ड्रायव्हरला बाळंतिणीची घाई नसते, असं त्या म्हणायच्या.

"खाली कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"हेल्पर आहे बाई," शेट म्हणाले.

"मग हेल्परला विचारू या. काय झालंय गाडीला?"

एक्केचाळीस वर्षांचा हेल्पर सरपटत बाहेर आला. गॅरेजात त्याला नऊ वर्षं झाली होती. त्याआधी महायुद्धात तो खडकीच्या लष्करी वर्कशॉपात होता. तिथल्या अमेरिकन हलक्या रणगाड्यांत असलेच डबे असायचे, आणि असे कितीतरी त्याने उघडून बंद केले होते. मुंबईत हे सांगून उपयोग नव्हता. लोक 'रणगाडा' ऐकून हसत.

"बाई, ही गरम झाली की बिघडते. हितं येऊन थंड झाल्यावर मी काय बघणार? मला गरम गाडीत बसायला पायजे. तुमच्यासोबत अर्धा दिवस फिरलो तर सांगेन."

"अर्धा दिवस?" शेट उखडले. "गॅरेज कोण बघणार? डब्यातले गिअर पकडणारे पट्टे आवळ, दे गाडी."

भिवाने पट्टे आवळले. पट्ट्यांत काही दोष नाही हे त्याला ठाऊक होतं. बाई निघून गेल्यावर त्याने पाना इतक्या जोरात पेटीत टाकला, की चहा पिणारा टॅक्सीवाला दचकला.

संक्रांतीच्या दिवशी त्याला फणसवाडीला पाठवलं गेलं. डब्यातलं तेल तपासायचं राहून गेलं होतं. बाई जवळपासच एका व्हिजिटला पायी गेल्या होत्या आणि घरी त्यांचे थोरले भाऊ अप्पा होते. अप्पा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांनी तपकिरी कागदाचं कव्हर घालून जपलं होतं, आणि ते चष्मा लावून खाली अंगणात येऊन उभे राहिले.

"कुठला रे तू?"

"नायगाव. बीडीडी चाळ."

"गाव?"

"खेडकडचं."

"आडनाव?"

"येलवे."

अप्पांनी पुस्तक या हातातून त्या हातात, भिवापासून दूरच्या हातात घेतलं. भिवाला याची सवय होती. सवय असली म्हणून राग येत नाही असं नाही.

त्याने इंजिन चालू ठेवून पुढची चटई उचलली, तिच्याखालची लोखंडी झाकणी काढली आणि डब्यातली तेलाची पट्टी ओढली. पट्टीवर काळपट, मधासारखं जाड तेल. त्याने ते बोटांत चोळलं, वास घेतला.

"यात कुणी घातलं हे?"

"मी," अप्पा ताठ उभे राहून म्हणाले. "आधीचं तेल अगदी पाण्यासारखं पातळ होतं. मी इंजिनात घालतात ते चाळीस नंबरचं घातलं. तेल ते तेल."

भिवाने डोळे मिटून घेतले. "अप्पा, ह्या डब्याला येगळं तेल लागतं. पातळच लागतं. लालसर असतं ते. त्याच्या दाबावर गिअर पडतात."

"पण फरक पडला की. आधी दोन मैलांवर अडकायची, आता चार मैल जाते."

भिवाचा हात थांबला. जाड तेलाने चार मैल. पातळ तेलाने दोन. थंड असताना बरी, गरम झाल्यावर नाही. काहीतरी त्याच्या डोक्यात एका टोकाने वर आलं. त्याने ते धरायचा प्रयत्न केला.

"इथे लिहिलंय," अप्पांनी पुस्तक उघडलं, "पान त्रेसष्ट. आधी वेग देणाऱ्या पेडलच्या दांडीची लांबी पाहावी. तू ती पाहिलीस का? नाही ना? क्रमाने जावं माणसानं. पान त्रेसष्ट, कलम पहिलं…" आणि ते मोठ्याने इंग्रजी वाचू लागले. एकेक वाक्य वाचून त्याचा मराठीत अर्थ, आणि तोही चुकीचा. तिसऱ्या कलमापर्यंत भिवाच्या डोक्यात वर आलेलं ते टोक पार बुडालं.

चिडून त्याने जे नियमाप्रमाणे होतं तेच केलं. सगळं जाड तेल काढून टाकलं, आणि बाईंनी एका बोटीवरच्या इंजिनिअरकडून मिळवून ठेवलेला योग्य तेलाचा कॅन त्यात ओतला. परत आलेल्या बाईंनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. तेलकट हातावर तो लगेच काळा झाला. त्याने तसाच खाल्ला.

दोन दिवसांनी रेडिओवर बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार. दुसऱ्या दिवसापासून शहर पेटलं. गिरण्या बंद, ट्रामा बंद. ठाकूरद्वारला, लालबागला, परळला रस्त्यांवर दगडांचा खच, अश्रुधूर, गोळीबार, संचारबंदी. राजारामशेट गॅरेजला कुलूप लावून घरी बसले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी संचारबंदी थोडा वेळ उठली, तेव्हा भिवा गॅरेज शाबूत आहे का ते पाहायला नायगावहून चालत आला. तो कुलूप ओढून बघतोय तोच लांबून ती ओळखीची कोकलणारी आरोळी ऐकू आली. काचेवर तांबड्या शाईने 'डॉक्टर' लिहिलेला कागद चिकटवलेली बिनक्लचची गाडी पहिल्या गिअरात सरकत त्याच्यापुढे येऊन थांबली.

"नवीन तेल घातल्यापासून तर दोन मैलसुद्धा जात नाही," बाई खिडकीतून म्हणाल्या. त्यांचे डोळे धुराने लाल झाले होते. "भायखळ्यापासून अशीच आलेय. आज तुमचे शेट नाहीत ना? मग बसा. गरम गाडी हवी होती ना तुम्हाला?"

भिवा पुढे त्यांच्या शेजारी बसला. चटई दूर करून त्याने कान खाली नेला. गाडी शंभर पावलंही गेली नसेल. डावीकडच्या चाळींच्या बाजूने फटाक्यांसारखे आवाज आले. मग ओरडा. मग गल्लीतून काही माणसं धावत आली, आणि त्यांनी सुती चादरीत एक बाई उचलून आणली होती. काचेवरचा कागद पाहून ती माणसं सरळ गाडीकडेच आली.

"डॉक्टर! ओ डॉक्टर! पाण्याला उभी होती ओ, नळावर!"

तिशीची बाई. मांडीत गोळी लागली होती. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत काळं झालं होतं. बाईंनी मागचं दार उघडायला लावलं, जखमेवर कपडा दाबला आणि भिवाला म्हणाल्या, "मागे बसा. इथे दाबायचं. दोन्ही हातांनी. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"नाव काय हिचं?" भिवाने मागे बसता बसता विचारलं.

"बकुळा," कुणीतरी म्हणालं. "नवरा तिचा पहाटेपासनं घरात नाय."

परळचं हॉस्पिटल जवळ होतं. पण नाक्यावर दगड आणि ट्रामचे खांब आडवे टाकलेले होते, आणि त्यांच्यापलीकडे बंदूकवाले पोलीस उभे. त्यांनी हातानेच गाडी परत फिरवायला सांगितलं. बाईंनी काच खाली करून दोनदा ओरडून बघितलं. मग गाडी वळवली. आता दक्षिणेला, भायखळ्याच्या पलीकडचं हॉस्पिटल. दोन-अडीच मैल.

पहिल्या गिअरात. इंजिन असं किंचाळत होतं की रिकाम्या रस्त्यावरच्या चाळींच्या खिडक्यांतून डोकी बाहेर येत होती. वेग मात्र सायकलचा. बाईंनी पेडल खाली दाबलं की किंचाळणं वाढायचं, वेग तेवढाच.

"भिवा, पाय पूर्ण उचलून बघू का?"

"बघा."

पाय उचलला. गाडी लुळी पडली. पुन्हा पाय दिला, पुन्हा पहिलाच.

भिवा दोन्ही तळव्यांनी कपडा दाबून धरून मागच्या सीटपुढे गुडघ्यांवर बसला होता आणि कान पुढच्या झाकणीकडे लावत होता. डब्यात काय होतंय? दाब येतोय का? पट्टा घसरतोय की पट्ट्याला हुकूमच मिळत नाहीये? बकुळा काहीतरी पुटपुटत होती. एकच काहीतरी, पुन्हा पुन्हा. तिचं तोंड त्याच्या कानाशी होतं आणि तिच्या आवाजात डब्याचा आवाज बुडत होता.

"गप, बाई," तो म्हणाला. "जरा गप ऱ्हा ना! ऐकू दे मला."

ती गप्प झाली.

चिंचपोकळीशी येईपर्यंत इंजिनातून वाफ निघायला लागली. बाईंनी गाडी कडेला घेतली. एका चाळीच्या बायका दारात उभ्या होत्या. "पाणी! इंजिनला पाणी आणा!" भिवा ओरडला. बाई काठी टेकत मागे आल्या, सीटवर चढल्या आणि कपड्यावर त्यांनी आपले हात ठेवले. भिवा सुटला.

पहिली बादली त्याने इंजिनापुढच्या रेडिएटरात ओतली. दुसरी हातात आली, आणि त्याच क्षणी फणसवाडीच्या अंगणात बुडालेलं ते टोक अख्खं वर आलं. गाडी थंड असताना तेल जाड. म्हणून दाब राहतो, गिअर पडतो. गरम झालं की तेल पातळ, आणि पातळ तेल कुठून तरी निसटतं. तेल निसटतंय! वेग वाढला की वरच्या गिअरला हुकूम देणारा जो भाग, गव्हर्नर, त्याच्या तेल अडवणाऱ्या कड्या झिजल्यात. अप्पांच्या जाड तेलाने तेवढंच तर केलं होतं. ते कमी निसटत होतं.

आणि ते तेल त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं.

त्याने चटई फेकून दिली, झाकणी उचकटली आणि बादली थेट डब्यावर रिकामी केली. भसकन वाफ उठली. "आणखी! सगळ्या जणी आणा!" बायका धावल्या. हंडे, कळशा, एकीने तर पिठाच्या परातीतून पाणी आणलं. त्या दिवसांत नळ कधी येतील याचा भरवसा नव्हता. तरी कुणी घरात किती उरलं ते पाहिलं नाही. पंधरा-वीस भांडी पाणी डब्यावर पडलं. गाडीतून तेलकट ओहोळ रस्त्यावर वाहायला लागला.

"बाई, पुढे या! चालवा!" भिवाने पुन्हा मागे बसून कपडा दाबून धरला.

इंजिन लागलं. गाडी निघाली. पहिला. किंचाळी वाढली, वाढली, आणि मग एक हलका हिसका बसून आवाज खाली आला. दुसरा. पुन्हा हिसका. तिसरा. भायखळ्यापर्यंत गाडी चाळीसच्या वेगाने गेली आणि हॉस्पिटलच्या दारात उभी राहिली तेव्हा बकुळाला उचलायला चौघे जण आले. भिवाचे हात कोपरापर्यंत लाल होते. कोणीतरी त्यालाही गोळी लागलीय समजून आत घेऊन चाललं होतं.

संचारबंदी उठून गॅरेज उघडलं तेव्हा बाई आल्या. शेट पुढे झाले, पण बाईंनी भिवाला बाजूला बोलावलं.

"ती तिसऱ्या दिवशी गेली."

भिवा हात पुसत राहिला. हात आधीच स्वच्छ होते.

"किती मिनिटं कमी पडली?"

"तसं नसतं ते, भिवा. रक्त फार गेलं होतं."

"पाव तास तरी गेला आपला. मी ते तेल काढलं नसतं, तर…"

"तर काय झालं असतं ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही." त्या म्हणाल्या. "मी डॉक्टर आहे. असं 'तर' म्हणत बसले असते तर वीस वर्षांपूर्वीच घरी बसले असते. गाडी दुरुस्त होईल का, तेवढं सांगा."

"होईल," भिवा म्हणाला. हे त्याने एवढ्या जोरात म्हटलं की शेट वळून बघायला लागले.

त्याने त्याच दिवशी डबा खोलला. गव्हर्नर हातात आल्यावर त्याने कुणालाच काही दाखवलं नाही. नुसता उजेडात धरला. बिडाच्या बारीक कड्या, बाईच्या अंगठीएवढ्या. एक पार झिजलेली, एक मोडून तिचा तुकडा खोबणीत अडकलेला. एवढ्याशा कड्यांनी एवढी मोठी गाडी खोटं बोलायला लागली होती.

नव्या कड्या मुंबईत नव्हत्या. परदेशातून मागवायच्या तर लायसन हवं आणि सहा महिने. भिवाने भंगारातून जुन्या बिडाच्या नळीचा तुकडा काढला आणि गॅरेजातल्या पट्ट्यावर चालणाऱ्या लेथजवळ जाऊन उभा राहिला. लेथला शेटशिवाय कोणी हात लावायचा नाही असा नियम होता. राजारामशेट तरुणपणी गिरणीत टर्नर होते, आणि त्यांच्यासारखा हात दादरपर्यंत कुणाचा नव्हता, हे त्यांचे शत्रूही मानत.

शेटनी तुकडा पाहिला, मोडकी कडी पाहिली. साध्या गिअरबॉक्सची गोष्ट त्यांनी काढली नाही. बाह्या सारल्या. "किती सोडू?"

"केसभर जास्त ठेवा. बाकीचं मी कानशीनं काढतो."

पहिली कडी भिवाने खोबणीत चढवताना ताणली आणि तिचे दोन तुकडे झाले. दुसरीही गेली. शेटनी तिसरी कापून दिली आणि शिवी दिली, पण ती नेहमीची शिवी नव्हती, स्वतःलाच दिल्यासारखी होती. रविवारी भिवा चार कड्या आणि कानस घेऊन घरी गॅलरीत बसला. त्याच्या कानशीची करकर दुपारभर चाळ ऐकत होती.

"ह्ये घर हाय का गॅरेज?" त्याची बायको सुभद्रा भाकऱ्या थापता थापता करवादली. "आठवड्यातनं एक दिस घरात असता, त्यात ह्ये दात कुरकुरवणं. आणि तोंडानं तर काय बोलत नाय तुमी चार दिस."

तो कडी उजेडाकडे धरून बघत राहिला. मग अचानक म्हणाला, "माणूस मरायला लागला, आणि त्याला कुणी गप ऱ्हा म्हटलं, तर…"

"तर काय?"

"काय नाय. वाढ."

सुभद्राने तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती बाहेर आली आणि मुलांना गॅलरीतून खाली खेळायला पिटाळलं. दुपारी तिने पुन्हा कुरकुर केली नाही.

सातव्या प्रयत्नाला दोन्ही कड्या बसल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी गाडी बाहेर निघाली. बाई चालवत होत्या, शेजारी भिवा आणि मागे अप्पा, मांडीवर पुस्तक घेऊन. गाडी दादरपर्यंत गेली, तिथून वळून ठाकूरद्वारपर्यंत आली आणि पुन्हा लालबाग. दहा-बारा मैल. तेल तापून डब्यावर हात ठेववत नव्हता. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. कोणाला कळू नये असे गिअर पडत होते. बाईंनी एकदाही खाली पाहिलं नाही. डावा पाय त्यांनी पट्ट्यांसकट आरामात पसरून ठेवला होता.

"म्हणजे एकूण," अप्पा मागून म्हणाले, "तेल निसटत होतं म्हणून गाडी अडत होती. म्हणजे जाड तेल घातलं ते बरोबरच होतं माझं. मी म्हणालो होतो."

बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "अप्पा…"

"होय अप्पा," भिवा समोर बघत म्हणाला. "बरोबर होतं तुमचं."

अप्पांना या उत्तराची अपेक्षा नसावी. त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, आणि गॅरेज येईपर्यंत बाहेर बघत बसले. उतरताना ते भिवाजवळ थांबले. "ते पान त्रेसष्ट," ते म्हणाले, "तेव्हा मी मधेच वाचायला लागलो. तू काहीतरी विचार करत होतास, नाही का?" आणि उत्तर न ऐकता रस्त्यापलीकडे चहाच्या दुकानात निघून गेले.

राजारामशेट दारात उभं राहून टॅक्सीवाल्यांना सांगत होते, "अमेरिकेचा डबा! आमच्या गॅरेजात, आमच्या लेथवर!" बाई त्यांच्याशी बोलत उभ्या होत्या. भिवा इंजिन चालू ठेवून शेवटचं एकदा तेल मापत होता, तेव्हा एक माणूस फाटकाजवळ येऊन थांबला. पस्तिशीचा, वाढलेली दाढी, अंगात गिरणीतला खाकी सदरा. तो कुणाकडेच न बघता गाडीकडे बघत होता.

"हीच का ती?" त्याने विचारलं. "बिनक्लचची?"

"हां."

"मी आनंदा. बकुळाचा मालक." तो जरा थांबला. "त्या दिवशी मी मोर्च्याला होतो. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ती शुद्धीत नव्हती. नंतर आलीच नाय शुद्धीवर. नळावरच्या बायका म्हणाल्या, गाडीत घातली तेव्हा बोलत होती. तुमी होता ना मागे तिच्यापाशी?"

भिवाने तेलाची पट्टी फडक्यात गुंडाळली. "होतो."

"काय म्हणाली?"

शेटचं बोलणं चालूच होतं. भिवाला वाटलं, सांगावं काहीतरी. पोरांचं नाव घेतलं, तुमचं नाव घेतलं. कुणीही सांगितलं असतं. या माणसाने ते आयुष्यभर जपलं असतं.

"बोलत होती," तो म्हणाला. "मीच गप केली तिला. मला डब्याचा आवाज ऐकायचा होता. गप ऱ्हा, म्हटलं, बाई. मग नाय बोलली."

आनंदाच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. भिवा वाट बघत उभा राहिला. शिवी येईल, हात उठेल. त्याची तयारी होती.

"एवढंच कळलं मला," तो पुढे म्हणाला. "कळशी, कळशी म्हणत होती. भरलीय, आत घ्या. असंच काहीतरी."

आनंदाने मान हलवली. पुन्हा हलवली.

"घेतली," तो म्हणाला. "शेजारणीनं घेतली होती आत."

मग त्याने मागच्या दाराकडे बोट केलं. "जरा बसू?"

भिवाने दार उघडून दिलं. सीट त्याने स्वतः तीनदा धुतली होती. आनंदा आत बसला, अगदी कडेला, दुसऱ्या कुणासाठी जागा ठेवल्यासारखा, आणि त्याने दार ओढून घेतलं.

"ए भिवा!" शेट दारातून ओरडले. "कोण बसलाय रे तो? गिऱ्हाईकाच्या गाडीत…"

भिवाने हात वर केला. शेटना नऊ वर्षांत त्याने असा हात कधी केला नव्हता. शेट थांबले. बाईही बोलायच्या थांबल्या.

मग भिवा पुढच्या खिडकीतून वाकला आणि इंजिन बंद केलं.